मजुरीत घातलेला हात

दोस्तांनो,

या अंकाचं संपादकीय कवितेवर लिहायचं ठरलं होतं. दोन पानं लिहूनही झाली होती. ती फाडली. गेल्या महिन्याच्या दहा तारखेला ठेकेदाराच्या कचेरीत जे डोळ्यांनी बघितलं, त्यानंतर प्रतिमा आणि प्रतीक यांवर शहाणपण शिकवत बसणं म्हणजे शेण खाणं.

आमच्या टोळीतला एक जण. नाव लिहीत नाही. त्याला उद्या परत त्याच मुकादमासमोर हजेरीला उभं राहायचंय. मराठवाड्यातून आलेला, आपल्यातलाच, पन्नास किलोची गोण पाठीवर असली तरी तोंडानं गाणं चालू ठेवणारा माणूस. मागल्या पावसाळ्यात सळयांचा भारा त्याच्या पायावर सुटला. अडीच महिने खाडा. ठेकेदारानं पहिल्या दिवसाचं दवाखान्याचं बिल भरलं आणि हात झटकले. गोवंडीला दहा बाय दहाची खोली, भाडं ४,५००, डिपॉझिट १०,०००. पाच महिन्यांचं भाडं थकलं. घरमालक म्हणाला, खोली खाली कर. यानं केली. भांडण नाही, तंटा नाही, नळ तोडला नाही की कुलूप घातलं नाही. बायको-पोरं गावी धाडली आणि स्वतः दोस्ताच्या पोटमाळ्यावर वळकटी टाकली. पाय पुरता बरा व्हायच्या आधीच कामाला आला.

तर दहा तारीख. कायदा म्हणतो, महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्या. आमची सात दहाला उजाडते. पगार बँकेत जातो, पण फक्त कागदावर. कार्डं मुकादमाच्या खिशात. तो पैसे काढून आणतो आणि नावं पुकारून वाटतो. त्या दिवशी मुकादमाच्या शेजारी तो जुना घरमालक बसला होता. खुर्चीवर. आम्हाला तिथं बसायला कधी कोणी फळकूट दिलेलं नाही. याचं नाव पुकारलं. सोळा हजाराचे तेरा हजार हातात पडले आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवर निळ्या शाईत: घरभाडे वसुली, ३,०००. ते तीन हजार तिथंच, आमच्या डोळ्यांदेखत, खुर्चीवरच्या खिशात गेले.

आणि हा माणूस काही बोलला नाही. चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली आणि चालू लागला. मी मागे धावलो. म्हटलं, अरे, तोंड शिवलंय काय? तर म्हणतो, ‘देणं आहे ना रे माझं.’

दोस्तांनो, हे वाक्य मला तीन रात्री झोपू देईना. ज्याचं कोणाचं देणं आहे त्याच्या मजुरीत कोणीही हात घालावा, हे ह्या माणसाला कोणी शिकवलं? त्याच्या आज्यानं शिकवलं असणार. आज्याला पणज्यानं. गावकीची सगळी कामं करून खळ्यावर सगळ्यांच्या शेवटी उभं राहायचं आणि पाटलाच्या मनात येईल तेवढं पदरात घेऊन यायचं. वर म्हणायचं, मायबाप, उपकार झाले. मजुरी किती, कधी, कोणाच्या हातून, हे मजूर सोडून सगळ्यांनी ठरवायचं. १८७४ च्या वतनाच्या कायद्यानं ह्याच गुलामीवर सरकारी शिक्का मारला होता. त्या कायद्यात दुरुस्ती करायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं. वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. कायद्यानं गेली. पाठीच्या कण्यातून गेली नाहीत. ती अशी दहा तारखेला कचेरीत दिसतात.

मी मॅट्रिक. म्हणजे आजच्या बोलीत दहावी पास. कायद्याचं इंग्रजी म्हणजे आपल्याला पोलादाचे चणे. पण रात्रीच्या कॉलेजात कायदा शिकणारा एक दोस्त आहे. त्याला घेऊन बसलो, दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ सालची. गोऱ्या साहेबाच्या काळातली, पण आजही चालते. तिचं कलम ६०. देणेकऱ्याची कोणती मालमत्ता जप्त करता येते आणि कोणती येत नाही, याचं हे कलम. वाचत वाचत एका ओळीवर आलो आणि दोघंही थांबलो. मजुराची मजुरी जप्त करता येत नाही. पैशात असो की जिनसात. थोडी येत नाही असं नाही. मुळीच येत नाही. पुढं स्पष्टीकरणही दिलंय. मजूर म्हणजे कुशल, अकुशल, अर्धकुशल, सगळे. मजुरी म्हणजे बोनससुद्धा. आणि हातात पडायच्या आधी असो वा देय झाल्यावर असो, सारखीच सुरक्षित.

म्हणजे काय ते नीट समजून घ्या. घरमालक कोर्टात गेला असता, दावा लावला असता, वर्षा-दोन वर्षांनी जिंकला असता, हातात हुकूमनामा घेऊन दरखास्त लावली असती, तरीसुद्धा न्यायाधीशाला ह्या हमालाच्या मजुरीला हात लावता आला नसता. जे न्यायाधीशाला जमत नाही ते एका मुकादमानं निळ्या शाईच्या चिठ्ठीवर केलं.

त्याच कलमात आणखी आहे. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. कारागिराची अवजारं होत नाहीत. बाईच्या अंगावरचा जो दागिना धर्माच्या चालीप्रमाणे उतरवता येत नाही, तो होत नाही. प्रॉव्हिडंट फंड होत नाही. तेव्हा कोणी सांगेल की टोप-पातेली उचलून नेतो, तर त्याला विचारा, कुठल्या कायद्यानं?

आता मुकादमाकडे परत. आम्ही त्याला विचारायला गेलो त्या दिवशी त्यानं ड्रॉवरमधून एक पाचशेचा स्टॅम्प पेपर काढून आपटला. म्हणे, हे बघा, ह्याचीच सही आहे. माझ्या मजुरीतून घरभाडं कापायला माझी हरकत नाही, माझा कोणताही हक्क मी सांगणार नाही. सही होती खरी. पायाला प्लास्टर असताना घेतलेली. काम परत मिळेल ह्या बोलीवर. मुकादमाला वाटलं, खेळ खलास. आमचा कायदेवाला दोस्त शांतपणे म्हणाला, कलम ६०, पोटकलम १-अ. ह्या कलमातलं संरक्षण मी सोडून देतो असा करार कोणी केला तर तो करारच रद्दबातल. सही असो, अंगठा असो, स्टॅम्प पाचशेचा असो की पाच हजाराचा.

आणि दुसरं. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्या आधी १९३६ चा वेतन कायदा होता. ह्या संहितेबद्दल कामगार चळवळीचं भांडण मोठं आहे. ते वेगळ्या अंकात मांडू. पण एक गोष्ट तिनं जुन्या कायद्यातून उचलली आहे. मालकाला मजुरीतून काय कापता येतं याची यादी बांधलेली आहे, आणि यादीबाहेरची कपात बेकायदा. यादीत दंड आहे, गैरहजेरी आहे, उचल आहे, फंड आहे, कोर्टाच्या हुकमानं होणारी कपात आहे. मालकानं किंवा सरकारनं दिलेल्या घराचं भाडं आहे. बाहेरच्या खाजगी घरमालकाचं भाडं नाही. यादीतल्या सगळ्या कपाती मिळूनही पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही.

इतकं सगळं ऐकून मुकादम काय म्हणाला? ‘हे आपसातलं आहे, कोर्टाबिर्टाचं काय काढता.’ आपसातलं! आम्ही कधीपासून ह्यांच्या आपसातले झालो?

या महिन्याच्या दहाला आम्ही अठरा जण कचेरीसमोर उभे राहिलो. घोषणा नाहीत, काही नाही. नुसते उभे. बोटीला माल लागायचा होता, ट्रक रांगेत होते. चाळीस मिनिटं कोणी गोणीला हात लावला नाही. एवढंच म्हणत होतो, कोर्टाचा कागद दाखवा नाहीतर तीन हजार परत करा. ठेकेदाराला चाळीस मिनिटांचा हिशेब आमच्यापेक्षा चांगला येतो. एकेचाळिसाव्या मिनिटाला तीन हजार परत आले आणि ह्या महिन्याची कपात झाली नाही. घरमालक फाटकावर ओरडत होता, तुम्ही लोक असलेच, फुकटे. जेलात घालीन एकेकाला.

जेलची धमकी खूप ठिकाणी चालते म्हणून तेवढं सांगून टाकतो. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी तुरुंग कायद्यात आहे, हे खोटं नाही. पण १९८० साली सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्याच्या निकालात, स्पष्ट केलंय की नुसतं देता येत नाही म्हणून माणसाला कोंडता येत नाही. ऐपत असून लबाडीनं चुकवतोय हे दाखवावं लागतं. ज्याच्याकडे नाही त्याला नाहीपणासाठी तुरुंग नाही.

मजुरी जप्त न होण्याचा हा कायदा कोणा दयाळू साहेबाला स्वप्नात सुचला नाही, आणि एका झटक्यातही झाला नाही. मुंबई-कलकत्त्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर पगाराच्या दिवशी सावकार काठी घेऊन उभे असत. बाहेर पडणाऱ्या कामगाराचा पगार तिथंच हिसकावत. १९२९ साली कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला रॉयल कमिशन नेमलं, व्हिटले कमिशन. लोअर परळच्या बी.डी.डी. चाळींजवळच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते ना. म. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ च्या अहवालात कमिशननं दोन गोष्टी मागितल्या. वसुलीसाठी कारखान्याच्या फाटकावर ठाण मांडणं हा फौजदारी गुन्हा ठरवा. आणि महिना ३०० रुपयांच्या आत मिळवणाऱ्या कामगाराचा पगार जप्तीतून पूर्ण सोडवा. बघा, फाटकावरचा तो सावकार आज कचेरीत खुर्चीवर बसतो. एवढाच काय तो फरक. मुकादमाशी त्याचा घरोबा झालाय.

सरकारनं ३०० काही दिले नाहीत. १९३७ च्या दुरुस्तीत पगाराचे पहिले १०० रुपये सोडले. पण तेव्हाचे १०० म्हणजे गिरणी कामगाराच्या अख्ख्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त. पुढं १९७६ च्या दुरुस्तीत तो आकडा ४०० झाला. १९९९ च्या दुरुस्तीत, जी २००२ पासून लागू झाली, १,००० झाला. आणि तिथंच बसला. आज १,००० म्हणजे काय? आमच्या टोळीच्या दोन दिवसांच्या हजेरीतसुद्धा संपतात. जो आकडा एकेकाळी माणसाचा अख्खा महिना झाकत होता तो आज दोन दिवस झाकत नाही. संसदेत आपल्या नावानं निवडून गेलेले किती जण बसतात, मोजा. ह्या आकड्यावर त्यांच्यापैकी कोणी तोंड उघडलंय का, तेही मोजा.

तुम्ही म्हणाल, मजुराची मजुरी तर पूर्ण सुटली, मग हा १,००० कोणासाठी? हा पगारदारांसाठी. मजुरी आणि पगार ह्यांत कायदा फरक करतो. अंगमेहनतीनं कमावतो त्याची मजुरी. कचेरीत, दुकानात, शाळेत, बँकेत दरमहा घेतो तो पगार. पगाराला जप्ती लागते, पण तिलाही वेसण आहे. पहिले १,००० बाजूला ठेवायचे. उरलेल्याचे तीन भाग करायचे. दोन भाग त्याचे, एक भाग जप्तीला. सोळा हजार पगार असेल तर पंधरा हजार उरले, त्याचा तिसरा हिस्सा पाच हजार. त्याहून एक रुपया जास्त नाही. हेही चोवीस महिने. सलग असो की तुटक, चोवीस महिने जप्ती चालली की पुढचे बारा महिने पगाराला हात नाही, आणि ती एकाच हुकूमनाम्यापायी चालली असेल तर त्या हुकूमनाम्यासाठी कायमचाच नाही. मालकाला कोर्टाचा हुकूम जातो. तो कापलेले पैसे कोर्टात भरतो, घरमालकाच्या हातात देत नाही. हुकूम येऊनही मालकानं कापले नाहीत तर ती रक्कम त्याच्याच अंगावर येते. म्हणजे मधे कोर्ट आहे. कागद आहे, हिशेब आहे, बोलायला जागा आहे. खुर्ची आणि खिसा एवढंच नाही.

आपली कितीतरी पोरं आज ह्या दोन्हींच्या मधे लोंबकळतायत. मॉलमधे हाउसकीपिंग करतात, सोसायटीच्या गेटवर शिट्टी घेऊन बसतात, पाठीवर पेटी लावून जेवण पोचवतात. पेटीवाल्यांना तर कामगारसुद्धा म्हणत नाहीत. पार्टनर म्हणतात. च्यायला, भागीदारी असेल तर नफ्यातला वाटा दाखवा!

इथंच थांबलो असतो तर संपादकीय छान झालं असतं. टाळ्या पडल्या असत्या. पण आता जे लिहायचंय त्याला हात जड होतोय.

आमच्या वस्तीत एक आजी आहे. नवरा महापालिकेच्या सफाई खात्यात होता, गेला. मुलगा गेला, त्याची कारणं सगळ्यांना माहीत आहेत, लिहीत नाही. एक नातू आहे, अकरावीत. आजीनं नवऱ्याच्या फंडातून पत्र्याच्या खोलीवर एक मजला चढवला. तो भाड्यानं देते. तेवढंच तिचं उत्पन्न. ५,००० महिना. तिथं एक तरुण राहत होता. खाजगी कंपनीत कचेरीतली नोकरी, एकतीस हजार पगार, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आठ महिने त्यानं भाडं दिलं नाही. आज देतो, उद्या देतो, आजी, ॲप्रेझल होऊ दे. आजीला ॲप्रेझल म्हणजे काय ते कळत नाही. तिला वाटलं पोराचं लग्न असेल. एका रात्री टेम्पो आणून तो गेला. डिपॉझिटचे ५,००० वजा जाता ३५,००० बुडवून गेला.

आता ऐका. तो आपल्यातला आहे. चौदा एप्रिलला व्यासपीठावर असतो. ह्या अंकाचा वर्गणीदार आहे. हे तो वाचणार आहे. वाच, दोस्ता.

आजीनं मला विचारलं, बाळा, मी कोर्टात गेले तर लोक काय म्हणतील? आपल्याच पोराच्या पगारावर जप्ती आणली म्हणतील. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. कारण ज्या तोंडानं अठरा जणांत उभं राहून मी म्हटलं की घरमालकाचा हात तोडू, त्याच तोंडानं आता घरमालकिणीला म्हणायचं होतं की चल कोर्टात. चळवळीत आपण घरमालक हा शब्द शिवीसारखा वापरतो. आणि इथं घरमालक म्हणजे चार पत्रे आणि एक म्हातारी.

मग हिशेब मांडला. आमच्या हमालाचं देणं होतं, पण मजुरीशिवाय त्याच्याकडे काही नव्हतं आणि ती मजुरी म्हणजे त्याच्या पोरांचं पोट. कायद्यानं ती पूर्ण झाकली, बरोबर केलं. ह्या साहेबाकडे एकतीस हजार आहेत. एक हजार बाजूला, राहिले तीस, त्याचा तिसरा हिस्सा दहा हजार. साडेतीन महिन्यांत आजीचे ३५,००० फिटतात आणि त्याच्या हातात दरमहा एकवीस हजार उरतात. एकवीस हजारांत गोदीतली माणसं चार जणांचं घर चालवून गावी पैसे पाठवतात. तेव्हा जप्ती आली तर तो उपाशी मरणार नाही. आजीचा नातू मात्र फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभा आहे.

हे सगळं पुढचं. आधी हुकूमनामा हवा. तो नसेल तर आजीनं त्याच्या कंपनीत जाऊन साहेबाच्या पाया पडणं आणि त्या घरमालकानं कचेरीत खुर्ची टाकणं ह्यात मी फरक करणार नाही. आजी खरंच जायला निघाली होती. तिला अडवलं. भाड्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते. हुकूमनामा मिळाला की त्याच्या बजावणीला बारा वर्षं. आपले लोक तीन वर्षं लाजण्यातच घालवतात.

अडचण दुसरीच निघाली. करार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते धरायचं, उलट पुरावा येईपर्यंत. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वस्तीत असा करार कोण करतं? वही असते. आजीची वही आहे, नातवाच्या अक्षरातली. सुरुवातीच्या सहा महिन्यांचं भाडं त्यानं नातवाच्या फोनवर टाकलं, त्याचे संदेश आहेत. ‘आजी थोडं थांबा, आठही महिन्यांचं एकदम देतो,’ हा त्याचाच संदेश आहे. हा उलट पुरावा. साहेबांनी स्वतःच्या बोटानं लिहून ठेवलाय.

वकिलाला पैसे कुठून? १९८७ च्या कायद्यानं बाईला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला, मिळकत कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. आजी तर दोन्हीत बसते. हे वस्तीत किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. आम्ही विधी सेवेच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या, आजीला बसवलं, पाणी दिलं. त्यांनी सांगितलं, दावा लावायच्या आधी लोक अदालतीत बोलावून बघू. तिथं तडजोड झाली तर ती हुकूमनाम्याइतकीच पक्की, तिच्यावर अपील नाही. हप्ते ठरवले आणि त्यानं ते बुडवले तर तिथूनच दरखास्त, तिथूनच पगारावर जप्ती. त्याला नोटीस गेली. पहिल्या तारखेला आला नाही. आजी सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत डब्यातली भाकरी न खाता बसली. म्हणाली, तो आला आणि मी जेवत असले तर बरं दिसेल का?

आमच्या हमालाचंही सांगायचं राहिलं. तीन हजार परत मिळाले त्या रविवारी विहारात बसलो. त्यालाही बसवला आणि माणूस पाठवून घरमालकालाही बोलावला. आला. वाटलं नव्हतं. पाच महिन्यांचे २२,५००, त्यातून डिपॉझिटचे १०,००० वजा. हे दहा हजार त्यानं हिशेबात धरलेच नव्हते. विचारलं तर म्हणाला, विसरलो. असो. राहिले १२,५००. मजुरीवर जप्ती लागत नाही म्हणून देणं मिटत नाही. आमच्या माणसानं स्वतःच सांगितलं, महिना हजार देईन. पण माझ्या हातानं देईन, आणि पावती घेईन. घरमालक थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पावतीपुस्तक आणावं लागेल. आणलं. पहिले हजार दिले गेले. पावती क्रमांक एक. आमच्या माणसानं ती घडी न घालता नेली.

टोळीतल्या आणखी चार जणांकडे निळ्या शाईच्या चिठ्ठ्या निघाल्या. किराणावाल्याची एक, भिशीची दोन, आणि एकावर तर नुसतं ‘इतर’ असं लिहिलंय. इतर म्हणजे कोण? मुकादम सांगत नाही. तुमच्याकडे, तुमच्या बापाकडे, नाक्यावरच्या कोणाकडे असल्या चिठ्ठ्या असतील तर फाडू नका. रविवारी संध्याकाळी सहानंतर विहारात घेऊन या. कायदेवाला दोस्त असतो. नाव छापणार नाही.

आजीची पुढची तारीख येत्या शनिवारी आहे. माझी त्या दिवशी दुसरी पाळी आहे, त्यामुळं सकाळी मी तिच्यासोबत असणार. वर्गणीदार मित्रा, तूही ये. येताना जेवून ये, म्हणजे आजी तिचा डबा उघडेल.

जयभीम.